डोळ्याला चेंडू लागला तर

एप्रिल आला की वस्तीत जयंतीची तयारी आणि क्रिकेटचे सामने एकदमच सुरू होतात. परीक्षा संपलेली मुलं दिवसभर गल्लीत असतात. खेळ बंद करा, असं आम्ही कधीच सांगणार नाही. मुलांनी खेळलंच पाहिजे. पण डोळ्याला लागलेला मार आपल्याकडे फार हलका धरला जातो.

‘रबरी चेंडूच तर आहे, काय होतंय?’ असं म्हणतात. सीझन बॉल डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे त्याचा थोडाफार मार तरी भुवई आणि गालाच्या हाडावर जातो. रबरी चेंडू मात्र दाबला जाऊन खोबणीत शिरतो. बॅडमिंटनचं शटल आणि विटीचं टोक तर थेट डोळ्यावरच बसतं.

मोठे खेळाडूही यातून सुटले नाहीत. 2000 साली ढाक्यात आशिया चषकाच्या सामन्यात अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक सबा करीम यांच्या डोळ्याला चेंडू लागला. 2012 मध्ये इंग्लंडमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरच्या डोळ्यात स्टंपवरची बेल उडून लागली. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याचं खेळणं तिथेच संपलं. आपल्या सामन्यांत सीझन बॉल असेल तर स्टंपला चिकटून उभ्या राहणाऱ्या कीपरला जाळीचं हेल्मेट द्या. मंडळाकडे ट्रॉफीला पैसे निघतात, तर यालाही निघतील.

कबड्डीत नखं कापलेली असावीत हा नियमच आहे, तो गल्लीतही पाळा. मैदानाच्या रेषा चुन्याने आखू नका. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. तसं झालंच तर डॉक्टर शोधण्याआधी नळाखाली डोळा उघडा धरून अर्धा तास धुवा.

बाकी मार लागल्यावर डोळा चोळू नका, दाबू नका. तूप, मध, गुलाबपाणी, आईचं दूध यातलं काहीही घालू नका. काही रुतलं असेल तर ते उपसू नका आणि डोळा धुऊही नका. कागदी कप उलटा धरून डोळा झाका आणि निघा. अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरच्यांना न सांगणाऱ्या मुलांची. ओरडा बसेल, उद्यापासून खेळू देणार नाहीत, म्हणून मूल गप्प राहतं. डोळा वरून फक्त लाल दिसतो, पण आत रक्त साचलेलं असू शकतं, पडदा फाटलेला असू शकतो. धूसर किंवा दोन-दोन दिसणं, काजवे चमकणं, काळे ठिपके, बुबुळाच्या खालच्या बाजूला रक्ताची रेघ, मळमळ, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र झाली तरी, मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. 108 ची गाडी मोफत येते. म्हणून आयाबापांनो, आधी विचारा, रागवायचं नंतर बघू.

ज्या मुलाला एकाच डोळ्याने नीट दिसतं, त्याला पॉलिकार्बोनेट भिंगाचा, पट्ट्याचा खेळाचा चष्मा घेऊन द्याच. काचेचा साधा चष्मा फुटून डोळ्यातच जातो.

आणि केसपेपर फेकू नका. जोराचा मार लागलेल्या डोळ्यात काचबिंदू काही वर्षांनीही होतो, म्हणून वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्या.