धर्मादाय कॅसिनो
धर्मादाय कॅसिनो : लोकोपयोगी कार्यासाठी निधी जमविण्याच्या हेतूने धर्मादाय अथवा तत्सम ना-नफा संस्थेने योजिलेला रूलेट, ब्लॅकजॅक, पोकर इ. खेळांचा कार्यक्रम. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या देशांत तो विशेष रूढ आहे. खेळ जुगाराचेच असल्यामुळे कायद्याने त्यांस केवळ सशर्त सूट दिलेली असते. शर्तींचा भंग झाल्यास सूट संपते, आणि मग संयोजकांचा हेतू चांगला होता एवढ्यावरून खेळ कायदेशीर ठरत नाही.

इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड यांत ही सूट २००५ च्या जुगार अधिनियमान्वये मिळते. त्यासाठी परवाना लागत नाही. मात्र कार्यक्रम ‘अव्यापारी’ असावा लागतो, म्हणजे त्याच्या उत्पन्नाचा कोणताही भाग खाजगी लाभासाठी वापरता येत नाही. प्रवेशशुल्क, पुरस्कर्त्यांची देणगी व खेळातील प्राप्ती ही सर्व उत्पन्नात मोडतात. त्यांतून फक्त वाजवी खर्च वजा करता येतो. त्रयस्थ विक्रेत्याने स्वतंत्रपणे चालविलेल्या उपाहारगृहाचा नफा मात्र उत्पन्नात धरला जात नाही. जमा होणारा पैसा कोणत्या कार्यासाठी आहे, हे खेळणाऱ्यांस सांगणे आवश्यक असते.

अधिनियमाने अशा खेळांचे दोन वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात सर्वांना समान संधी असते व कोणीही बँकर नसतो. खेळाडू आपापसांत पोकर खेळतात तो या प्रकारचा. येथे एका खेळाडूकडून दिवसाला ८ पौंडांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि बक्षिसांची एकूण किंमत ६०० पौंडांवर जाऊ शकत नाही. खेळांच्या मालिकेतील अंतिम कार्यक्रमास ही मर्यादा ९०० पौंड आहे. रूलेट व ब्लॅकजॅक या वर्गात बसत नाहीत, कारण त्यांत बँकरचे पारडे मुळातच जड असते. ते दुसऱ्या, म्हणजे बक्षीस-खेळांच्या वर्गात खेळवावे लागतात. या वर्गात बक्षिसाचे स्वरूप वा मूल्य खेळाडूंच्या संख्येवर अथवा जमलेल्या रकमेवर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणून बक्षिसे आधीच जाहीर करतात, खेळाडूंना खोट्या नोटा किंवा सोंगट्या देतात आणि शेवटी ज्याच्याजवळ त्या सर्वांत जास्त उरतील त्यास बक्षीस देतात. सोंगट्यांचे रोख पैसे करून दिल्यास तो नेहमीचाच जुगार होतो. हौशी संयोजकांची गफलत बहुधा येथेच होते. शर्यतीच्या मैदानांचा अपवाद सोडल्यास, जुगाराचा परवाना असलेल्या जागेत असा कार्यक्रम करता येत नाही. त्यामुळे धर्मादाय कॅसिनो खऱ्या कॅसिनोत भरविता येत नाही, ही यातील एक गंमतच होय.

‘वाजवी खर्च’ म्हणजे किती, हे ब्रिटिश कायदा आकड्यांत सांगत नाही. टेबले व पत्ते वाटणारे कर्मचारी भाड्याने पुरविणाऱ्या व्यावसायिकांचे बिल मोठे झाले, तर मूळ कार्यासाठी फारच थोडे उरते. कॅलिफोर्निया राज्याने २००७ पासून लागू केलेल्या नियमांत या प्रश्नाचे अधिक रोखठोक उत्तर आढळते. तेथे एकूण प्राप्तीच्या किमान ९० टक्के रक्कम संस्थेस मिळालीच पाहिजे. संस्था राज्यात किमान तीन वर्षे कार्यरत असावी, तिने आगाऊ नोंदणी करावी, कार्यक्रम वर्षातून एकदाच व सलग पाच तासांहून अधिक नसावा आणि खेळाडू २१ वर्षांखालील नसावेत, असे दंडक आहेत. रोख बक्षीस वर्ज्य असून एका बक्षिसाची किंमत ५०० डॉलरांपर्यंत व सर्वांची मिळून ५,००० डॉलरांपर्यंत असू शकते.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील पद्धत याच्या अगदी उलट आहे. तेथे परवानाप्राप्त धर्मादाय संस्थेला खऱ्या कॅसिनोतील दोन दिवस नेमून दिले जातात. संस्थेचे स्वयंसेवक रोकड सांभाळण्याचे व मोजण्याचे काम करतात. त्या विभागातील संस्थांची प्राप्ती तीन महिन्यांसाठी एकत्र करून समान वाटण्यात येते. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या वाट्याला मंदीचे दिवस आले, तरी तिचे नुकसान होत नाही. तथापि विभागाविभागांतील रकमांत तफावत राहते, आणि ग्रामीण भागातील संस्थांना आपली पाळी येण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागते, अशी तक्रार तेथे वारंवार होत आली आहे.