नव्या घरातील कोंडलेली हवा

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड असो वा वऱ्हाडातील अन्य कोणतेही मोठे गाव, घरबांधणीचे स्वरूप गेल्या काही दशकांत पालटले आहे. मातीच्या जाड भिंती व धाब्याचे छत यांच्या जागी विटा, सिमेंट आणि स्लॅब आले. सागवानी कपाटाऐवजी प्लायवूड, पार्टिकल बोर्ड किंवा एम.डी.एफ. यांचे फर्निचर आले. घर नीटनेटके झाले. परंतु नूतनीकरणानंतर घरभर जो उग्र वास भरून राहतो, त्यात आरोग्यास अपायकारक वायू असतात. त्यांपैकी एक प्रमुख वायू फॉर्माल्डिहाइड होय.

वायूचे मूळ

शाळेच्या प्रयोगशाळेत प्राण्यांचे नमुने ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवतात, ते याच वायूचे पाण्यातील द्रावण आहे. लाकडाचा चुरा, तंतू किंवा पातळ थर चिकटवून फळ्या तयार करताना युरिया-फॉर्माल्डिहाइड हे स्वस्त राळद्रव्य वापरले जाते. उष्णता व ओलावा यांमुळे त्याचे हळूहळू विघटन होऊन वायू बाहेर पडतो. प्रारंभीच्या महिन्यांत हे प्रमाण सर्वाधिक असते. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दारेखिडक्या लावून घेतलेल्या खोलीत हा वायू अधिकच साचतो.

चुलीतील पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर, डासांची अगरबत्ती आणि विडी-सिगारेट यांतूनही तो निर्माण होतो. म्हणजेच फर्निचर नसलेले घरही यातून सर्वस्वी सुटत नाही.

आरोग्यावरील परिणाम

डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे व खोकला ही प्राथमिक लक्षणे होत. दमेकऱ्यांना व लहान मुलांना विशेष त्रास संभवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम (३० मिनिटांची सरासरी) ही मर्यादा सुचविली.

अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर कुटुंबांना चाकांवरील तयार घरे देण्यात आली. त्यांतील हवेत या वायूचे प्रमाण अधिक आढळल्याने, उन्हाळा सुरू होण्यापूर्वी रहिवाशांना अन्यत्र हलवावे, असा सल्ला तेथील आरोग्य यंत्रणेने २००८ मध्ये दिला. निवारा देताना हवेचा विचार राहून गेला, की काय घडते याचे हे उदाहरण आहे.

उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वायू मुळातच कमी सोडणारे साहित्य निवडणे. फळ्या खरेदी करताना कमी उत्सर्जनाचा 'ई-१' किंवा त्याहून चांगला दर्जा मागावा. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेचे प्लायवूड तुलनेने अधिक स्थिर असते. लोखंडी कपाट किंवा अस्सल लाकूड हाही पर्याय आहे. फळीच्या कापलेल्या कडा व मागील बाजू उघड्या ठेवू नयेत. सुताराकडून त्या लॅमिनेटने बंद करून घ्याव्यात.

दुसरा उपाय वायुवीजनाचा. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्यास हवा वाहती राहते. खिडकीत बसविलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत आणतो. मात्र आतील हवेस बाहेर पडण्यास वाट हवी. वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतील हवाच पुन्हा पुन्हा फिरविते, हा भेद ध्यानात घ्यावा. लग्नसराईसाठी घर सजवावयाचे असल्यास काम काही आठवडे आधी पूर्ण करावे. नव्या खोलीत तान्ह्या बाळास वा गर्भवतीस लगेच झोपवू नये.

कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ च्या एका अमेरिकी प्रयोगामुळे पसरला. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. प्रत्यक्ष घरात उघडी खिडकी कित्येक पटींनी अधिक उपयोगी ठरते. उदबत्ती किंवा सुगंधी फवारा यांनी वास झाकला जातो, वायू जात नाही.

सार्वजनिक इमारती

शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत कार्यालय यांचे नूतनीकरण उन्हाळी सुटीच्या आरंभीच उरकावे आणि शाळा भरण्यापूर्वी खोल्या दररोज उघडून हवेशीर कराव्यात. फर्निचरची दरपत्रके मागविताना किमतीबरोबर उत्सर्जनाचा दर्जाही नमूद करण्याची अट घालता येईल. या अटीसाठी वेगळ्या निधीची गरज नाही. आणि तिचा लाभ त्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास बसणाऱ्या प्रत्येक बालकास मिळेल.