व्यसनमुक्तीचे इंजेक्शन आणि बिलावरचा 'एफ १०'

जालना, (प्रतिनिधी) - दारूचे व्यसन हा आजार असून त्यावर वैद्यकीय उपचार आहेत, ही बाब कायद्यानेही मान्य केली आहे. मात्र रुग्णालयाचे बिल विमा कंपनीकडे गेले, की हाच आजार अनेकदा वगळलेल्या आजारांच्या यादीत जाऊन बसतो. औद्योगिक वसाहतीतील कामगारापासून भोकरदन, मंठ्यातील शेतकऱ्यापर्यंत अनेक कुटुंबांना हा फरक कळतो तो दावा नाकारल्यावरच. त्याचे मूळ डिस्चार्ज कार्डावरील एका कोडमध्ये आहे.

कोड म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-१०' या वर्गीकरणात मद्यपानामुळे होणाऱ्या मानसिक व वर्तनविषयक विकारांना 'एफ १०', तर अफूजन्य पदार्थांमुळे होणाऱ्या विकारांना 'एफ ११' हा कोड आहे. मद्यपानामुळे झालेल्या यकृताच्या आजाराचा कोड 'के ७०' असा वेगळा आहे. दाव्याची छाननी करणारा अधिकारी प्रथम हाच कोड पाहतो.

महिन्यातून एक इंजेक्शन

नाल्ट्रेक्सोन हे व्यसनावरील औषध सहसा ५० मिलिग्रॅमच्या गोळीच्या स्वरूपात रोज दिले जाते. गोळी चुकली की उपचार तुटतो. यावर उपाय म्हणून ३८० मिलिग्रॅमचे, चार आठवडे परिणाम टिकणारे इंजेक्शन निघाले. अमेरिकेत त्यास २००६ मध्ये दारूच्या, तर २०१० मध्ये अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. तेथे औषधाचा कोड 'जे २३१५', इंजेक्शन टोचण्याचा '९६३७२' आणि निदानाचा कोड वेगळा लिहितात. औषधाचे एक युनिट म्हणजे एक मिलिग्रॅम. त्यामुळे एका इंजेक्शनला ३८० युनिट लिहावे लागतात. चुकून 'एक' लिहिले, तर एकाच मिलिग्रॅमचे पैसे मिळतात.

आपल्याकडे अडचण त्याआधीच सुरू होते. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्ण दाखल झाल्यावरच खर्च देतात. इंजेक्शन मात्र बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत दिले जाते. त्यामुळे ओपीडीचे संरक्षण नसलेल्या पॉलिसीत हा खर्च बसत नाही.

कायदा एक, कलम दुसरे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा, असे कलम २१ (४) सांगते. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने (इर्डा) २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ वा कोणत्याही व्यसनावरील उपचार आणि 'त्यांचे परिणाम' आहेत. हे कलम आजही अनेक पॉलिसींत आढळते. 'परिणाम' या शब्दामुळे यकृताच्या आजाराचा दावाही अडकू शकतो.

यातून सुटण्यासाठी निदान बदलून लिहून घेण्याचा मोह काहींना होतो. तो महागात पडतो. खोट्या निदानामुळे दावा तर जातोच, शिवाय पॉलिसीही रद्द होऊ शकते. अर्जात मद्यपानाची माहिती दडवल्याच्या कारणावरून नाकारलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका प्रकरणात योग्य ठरवला होता.

कुटुंबाने काय करावे?

- पॉलिसीतील अपवादांची यादी व ओपीडीचे कलम उपचारापूर्वीच वाचावे.
- डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक निदान स्वतंत्र व खरे लिहिले आहे ना, हे पाहावे. सोबत नैराश्यासारखा अन्य आजार असल्यास त्याचीही नोंद असावी.
- दावा नाकारल्यास लेखी कारण मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असल्यास अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून पॅकेजची खात्री करावी.
- राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे टोल फ्री क्रमांक आहेत.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळतो. तो एकही बिलाच्या धास्तीने मागे फिरू नये, यासाठी कायदा आणि पॉलिसीतील हे अंतर मिटणे गरजेचे आहे.