दंडावरचा दाब, पोटातला दाब

"माझं बीपी एकशे दहा. मग मला बीपीची गोळी कशाला?" बोरी बुद्रुकला मामांनी हे विचारलं, तेव्हा गोळी बंद करून चार दिवस झाले होते. दोनच महिन्यांपूर्वी त्यांना रक्ताची उलटी झाली होती. मी औषधशास्त्र शिकवतो. पण समजावण्यासाठी त्यांच्या शेतातला पाटच कामी आला.

जठर, आतडी आणि प्लीहा यांतलं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेनं येतं. हेपटायटिस बीमुळे मामांचं यकृत निबर झालं आहे. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. पाटात गाळ साचला की पाणी तुंबून कच्च्या बांधाकडे वळतं. तसंच हे रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरतं. त्या फुगतात, कधी फुटतात. पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्या दाबांतला फरक एरवी १ ते ५ मिलिमीटर पारा असतो. तो १२ वर गेला की रक्तस्रावाचा धोका वाढतो. दंडावरच्या यंत्राला यातलं काहीच दिसत नाही.

गाळ निघत नसेल, तर पाटात पाणी कमी सोडावं लागतं. प्रोप्रानोलॉल तेच करतं: हृदयाचा वेग कमी करतं आणि आतड्यांकडे जाणाऱ्या धमन्या आवळतं. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात ते हृदयविकारासाठी घडवलं. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पोर्टल दाबावरचा त्याचा उपयोग फ्रान्समधल्या दिदिए लब्रेक यांच्या गटानं १९८० च्या सुमारास दाखवला. कार्व्हेडिलोल त्याखेरीज यकृतातला अडथळाही थोडा सैल करतं.

बीपीची प्रत्येक गोळी मात्र अशी नसते. सिऱ्होसिसमध्ये आतड्यांच्या धमन्या सैलावतात आणि एकूण रक्तदाब उतरतो. तो सावरायला शरीर अँजिओटेन्सिनचा आधार घेतं. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला एनालाप्रिल किंवा लोसार्टन दिलं, तर तो आधार सुटतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. प्रोप्रानोलॉललाही मर्यादा आहेत. दमा असेल तर ते टाळतात. वरचा दाब ९० च्या खाली गेला तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा थांबवतात.

मामांचा दाब ११० होता. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू झाली. आता मामा रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहितात. शंका आली तर गोळी बंद करण्याआधी फोन करतात.