ग्रिलमधली पेरणी

डोंबिवलीत खिडकीच्या ग्रिलमध्ये पावसाळ्यात बी पेरलं, तर चार दिवसांत कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात. ही बुरशीची ‘मर’. पाणी घालण्याच्या हौसेनं ती वाढते. म्हणून मिरची, टोमॅटो, वांग्याचं बी गणपतीनंतर, पाऊस ओसरताना टाकावं. भेंडीला मात्र उकाडा मानवतो.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, बस्स. माठाचं बी तर नुसतं भुरभुरवून वर चिमूटभर माती. धणे लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका कराव्या, कारण अख्ख्या धण्यात दोन बिया असतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवावं. मेथी तिसऱ्या दिवशी डोकं काढते. मिरची आठ-दहा दिवस ताटकळत ठेवते, तोवर कुंडी उकरून बघायचा मोह आवरावा.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. हात धुवा, उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका. पाकिटावर ‘एफ-१’ असेल, तर ते संकरित. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ मिळेल, ही आशा सोडा.

आपल्या दमट हवेसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण बघावेत: कारल्यात ‘कोकण तारा’, वालात झुडपी ‘कोकण भूषण’. दुसऱ्याला मांडवही लागत नाही, ग्रिलवाल्यांची तेवढीच सोय. कबुतरांसाठी जाळी मात्र पेरणीच्याच दिवशी बांधा.