लोटे: गाडीच्या काचा वर करण्याआधी

मुंबई-गोवा महामार्गावर खेड मागे पडलं की गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "लोटे आलं, काचा वर करा." थोड्या वेळात लोटे जातं, काचा खाली येतात आणि गुहागरच्या गप्पा पुन्हा सुरू होतात. शनिवार-रविवार लोट्याला चाललोय असं सांगितलं, तर समोरचा विचारतो, "कुठली कंपनी?" लोट्याला माणूस मुलाखतीलाच जातो, अशी सगळ्यांची खात्री असते.

"तिथं वासाशिवाय आहे काय?"

कारखान्यांचा वास आहे. तो नाही असं सांगणारा एक तर लॉजचा मालक असेल किंवा त्याला सर्दी झाली असेल. पण तो चोवीस तास आणि सगळीकडे सारखा नसतो. वारा पडला की दाटतो, वारा सुटला की जातो. मुक्कामाची खोली कारखान्यांना चिकटून घेण्याऐवजी खेडला किंवा चिपळूणला घेतली, तर रात्रीचा प्रश्न मिटतो. दमा असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनी मात्र हा बेत करूच नये.

"लोटे-परशुराम म्हणजे देऊळ वसाहतीतच असणार."

पाटीवर 'लोटे परशुराम औद्योगिक क्षेत्र' वाचून पुष्कळ जण फसतात. लोटे खेड तालुक्यात आहे. परशुरामाचं देऊळ आहे चिपळूण तालुक्यात, घाटमाथ्यावर, पेढे-परशुराम इथं. एसटीत "लोट्याचं तिकीट द्या" म्हणालात तर कंडक्टर तुम्हाला कारखान्यांच्या दारात उतरवेल. देवळासाठी 'परशुराम' असंच सांगायचं, मग हमरस्त्यावरून खाली चालत जायचं.

हे देऊळ सावकाश पाहण्यासारखं आहे. गाभाऱ्यात मधोमध परशुराम आणि दोन्ही बाजूंना काळ आणि काम. मागे रेणुकेचं देऊळ. वर घुमट असे, की हे बांधकाम कुणाच्या हातचं असा प्रश्न पडावा. गावात ठरलेलं उत्तर मिळतं: एका बेगमेचं गलबत समुद्रात हरवलं होतं, ते परत आलं, म्हणून तिनं नवस फेडला. गोष्ट गोड आहे. इतिहासातली नोंद इतकी गोड नाही. बाजीराव पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी इथंच राहत. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात यानं परशुरामावर हल्ला करून देवस्थान लुटलं. स्वामी पुढे साताऱ्याजवळ धावडशीला गेले, आणि १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. ज्या सिद्दीच्या माणसानं देवस्थान लुटलं, त्याच्याच धर्माच्या एका बाईनं ते बांधलं अशी आठवण लोकांनी जपली आहे. यातलं खरं-खोटं सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही. दोन्ही गोष्टी माहीत असल्या की घुमटाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. वेळ असेल तर घाट उतरून चिपळुणात गोवळकोटच्या किल्ल्यावर जा. वाशिष्ठी नदीचं वळण तिथून दिसतं तसं दुसरीकडून दिसत नाही.

"स्वस्त सहल म्हणजे हाल."

लोट्याच्या बाबतीत उलट आहे. पर्यटनाच्या गावात शनिवार आला की खोलीचे आणि थाळीचे भाव चढतात. इथं गिऱ्हाईक पर्यटक नाही, कामगार आहे. तो रोज जेवतो आणि रोज हिशेब करतो. म्हणून खानावळीत भात मागितला की मिळतो, आमटी दोनदा वाढतात. पहिल्या पाळीच्या वेळी चहाच्या टपऱ्या उघड्या असतात, आणि रिक्षा पाळी सुटायच्या हिशेबानं उभ्या राहतात.

येण्यासाठी कोकण रेल्वे सगळ्यात परवडते. मांडवी आणि कोकणकन्या खेडलाही थांबतात, चिपळूणलाही. मधलं अंजनी स्टेशन नकाशावर जवळ दिसतं, पण जलद गाड्या तिथं थांबत नाहीत. दिव्याहून सुटणारी पॅसेंजर सगळ्यात स्वस्त. वेळ मात्र तिच्या मर्जीचा. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पंचाहत्तरीपुढची आजी, आई आणि दोन मुली अशा चौघी निघाल्या, तर एकूण भाडं दीड तिकिटात बसतं.

"कोकणात कारखाने टिकत नाहीत, लोटे आता संपलं."

संपलेल्या ठिकाणी नवी जमीन कुणी घेत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लोट्याच्या वाढीव क्षेत्रात हिंदुस्थान कोका-कोलाच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. जुन्यांपैकी घरडा केमिकल्सचं नाव इथं घरोघर माहीत आहे. केकी घरडांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि शेजारच्या लवेलला त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कॉलेजच्या पोरांमुळे त्या पट्ट्यात वडापाव चांगला मिळतो. माझ्या दृष्टीनं हाही औद्योगिक विकासच.

पण भरभराटीची दुसरी बाजू लपवून सहल विकू नये. मार्च २०२१ मध्ये इथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. वसाहतीत रविवारी भटकायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फाटकाजवळ फोटो काढत उभं राहायची ही जागा नव्हे.

"वाशिष्ठीत मगरी आहेत, म्हणजे पाणी स्वच्छ आहे."

हा गैरसमज सगळ्यात चलाख, कारण त्याला बरोबर फोटो असतो. मालदोलीच्या बाजूला होडीतून मगरी दाखवतात, आणि चिखलावर आ वासून पडलेलं ते धूड पाहण्यासारखंच असतं. पण वडोदरा शहरातून घाण वाहत नेणाऱ्या विश्वामित्रीतही मगरी मजेत आहेत. मगर काही पाण्याचा दाखला देत नाही. दाखला मागायचा तर सोनगाव-कोतवलीच्या भोई मंडळींकडे मागावा. माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या पश्चिम घाट अहवालात लोट्याचं नाव घेऊन लिहिलं आहे, की सांडपाण्यानं खाडीची मासेमारी बुडवली आणि कारखान्यांत मिळालेल्या नोकऱ्यांपुढे गेलेला रोजगार मोठा होता.

या नदीची आणखी एक गंमत आहे. चैत्र-वैशाखात कोकणातल्या नद्यांचे धोंडे उघडे पडतात, तेव्हाही वाशिष्ठीला पाणी असतं. ते पाणी कोयनेचं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात सोडतात, कोळकेवाडीला पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. लोट्याचे कारखानेही याच नदीचं पाणी पितात.

"पावसाळ्यातच जावं."

परशुराम घाटातला सवतसडा पावसात फेसाळतो, हे खरं. त्याच घाटात दरडी येतात, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, हेही खरं. गणपतीनंतरचे दिवस मला पसंत आहेत: रान हिरवं, धबधब्याला थोडी धार, आणि चाकरमानी परतल्यामुळे गाडीत बसायला जागा.

"इथले मासे खाऊ नयेत."

खाडीच्या माशाला कोकणात वेगळा मान आहे. त्याची चव ओळखणारी माणसं समुद्राच्या माशाला नाक मुरडतात. म्हणून खानावळीत ताट समोर आल्यावर मी सवयीनं विचारलं, "खाडीचा का?" मालकांनी हातातली आमटीची वाटी खाली ठेवली. "नाही हो दादा," ते घाईघाईनं म्हणाले, "हर्णैचा आहे, बिनधास्त जेवा."