जड शेगडी हलवताना

लेखमाला : घर बदलताना – भाग ५

गेल्या आठवड्यात काचसामान आणि भांडी कशी बांधायची ते पाहिले. आज स्वयंपाकघरातल्या सगळ्यात अवघड वस्तूकडे वळू. ओट्यावरची दोन-तीन बर्नरची शेगडी एकटा माणूस सहज उचलतो. वर चार-पाच बर्नर, खाली ओव्हन आणि जमिनीवर उभी असणारी कुकिंग रेंज मात्र तशी उचलता येत नाही. मॉडेलप्रमाणे तिचे वजन ४० किलोपासून ७०-८० किलोपर्यंत जाते, ती गॅसला जोडलेली असते आणि धरायला सोयीची जागा तिला नसते. त्यातून निघायच्या दिवशी सकाळचा चहा होईपर्यंत ती सोडवायला कोणी तयार नसते. मग टेम्पो दारात उभा असताना घाईघाईने नळी ओढली जाते.

म्हणून पहिला आग्रह हाच, की रेंज आदल्या संध्याकाळीच मोकळी करा. शेवटच्या सकाळी थर्मासमधला चहा चालेल. या कामात ताकद शेवटी लागते. बोट चेमटणे, पाठ धरणे, गॅस गळणे या सगळ्याची सुरुवात त्याआधी राहून गेलेल्या तयारीत असते.

आधी गॅस

सिलिंडर असेल तर एक बर्नर पेटता ठेवून रेग्युलेटर बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल, मग बर्नरची कळ बंद करा. रेग्युलेटर काढल्यावर सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी घट्ट बसवा. रेंज पूर्ण गार झाली की नळी सोडवा. ओव्हनचा दिवा किंवा लायटर विजेवर चालत असेल तर प्लगही काढा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासकट त्याचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. तो आडवा करायचा नाही, घरंगळत न्यायचा नाही आणि गाडीच्या बंद डिकीत तर ठेवायचाच नाही. गाव बदलणार असाल तर जोडणीचे काय करायचे हे आठवडाभर आधी एजन्सीत विचारून घ्या.

पाइपचा गॅस असेल तर जोडणी स्वतः खोलू नका. शेगडीजवळचा आणि मीटरजवळचा कॉक बंद करण्यापुरतेच आपले काम. पुढचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचे, आणि त्याची वेळ आधीच ठरवावी लागते.

काम करताना वास आला तर एक फरक ध्यानात ठेवा. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्यूटेनचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साठतो. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो हलका असल्यामुळे छताकडे जातो. दोन्ही वेळी गॅस बंद करा, दारे-खिडक्या सताड उघडा आणि एकाही विजेच्या बटणाला हात लावू नका. एक्झॉस्ट पंखाही सुरू करू नका. घराबाहेर पडून मगच फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे, पाइपच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो.

वजन उतरवा

बर्नरवरच्या बिडाच्या जाळ्या, बर्नरच्या टोप्या, ओव्हनच्या जाळ्या आणि ट्रे असे जे जे सुटे होते ते काढून वेगळ्या खोक्यात भरा. यात काही किलो कमी होतात, आणि मुख्य म्हणजे ते वरून कमी होतात. रेंजच्या पोटात ओव्हनची पोकळी आणि डोक्यावर बीड, त्यामुळे ती मुळातच वरून जड असते. जाळ्या काढल्या की तिचा तोल खाली येतो. ओव्हनचे दार पट्टीने किंवा दोरीने पक्के बांधा. कललेल्या रेंजचे दार उघडले की सगळा भार अचानक पुढे येतो.

मागच्या बाजूला वर्षानुवर्षे साचलेले तेलकट थर याच वेळी पुसून घ्या. ही केवळ स्वच्छता नव्हे. तेलकट पत्रा हातातून सटकतो आणि तेलकट फरशीवर पाय सटकतो. त्यासाठी पायात चप्पल नको, बंद बूट हवेत.

मग टेप घेऊन रेंजची रुंदी, खोली आणि उंची मोजा. स्वयंपाकघराचे दार, लिफ्ट आणि जिन्याचे वळणही मोजा. दारात अडकलेली रेंज धरून उभ्या असलेल्या दोघांना विचार करायला सवड मिळत नसते.

सरकवताना

रेंज कुठे ढकलायची, याला फार महत्त्व आहे. समजा तिचे वजन ६० किलो आहे, पुढून मागे ती ६० सेंटीमीटर आहे आणि भार मध्यावर आहे. सरकवताना पुढचा पाय दोन फरश्यांमधल्या खाचेत अडकला. अशा वेळी तुम्ही ८५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे वरच्या कडेला, रेटत असाल तर साधारण २१ किलोच्या जोरानेच ती पुढे कलंडू लागेल. तोच रेटा ३० सेंटीमीटर उंचीवर असेल तर कलंडायला ६० किलोचा जोर लागेल. म्हणून गुडघ्यावर बसून तळाच्या चौकटीलाच रेटा द्या. ओव्हनच्या दाराची मूठ, काचेचा माथा आणि बटणांमागची गॅसची नळी यांना धरून कधीही ओढू नका. त्या नळीवर ताण आला तर सांधा ढिला होतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

ओढण्यापूर्वी एकाने रेंज जेमतेम मागे कलवायची आणि दुसऱ्याने पुढच्या पायांखाली घडी घातलेली जुनी गोधडी सरकवायची, बोटे पायाखाली न घालता. मग मागचे पाय. गोधडीवर रेंज फरशीला ओरखडा न पाडता सरकते. उंबरठ्यावर फळी टाका.

कलंडण्याचा हा धोका वापरातही असतोच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत भाड्याच्या घराबरोबरच अशी मोठी रेंज मिळते, म्हणून तिथल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. उघड्या दारावर २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार आला तरी रेंज कलू नये, असे तिथले १९९१ पासूनचे मानक आहे. त्यासाठी भिंतीला किंवा जमिनीला एक लोखंडी कंस बसवतात आणि रेंजचा मागचा पाय त्यात अडकतो. सफाईसाठी रेंज पुढे ओढली की पाय कंसातून सुटतो. परत ढकलताना तो अडकला का, हे वाकून पाहा. घरात लहान मूल असेल तर हे टाळू नका, कारण उघडे दार मुलाला पायरीसारखे वाटते.

उचलताना आणि जिन्यावर

वजन उचलण्याविषयीच्या अमेरिकी ‘निओश’ संस्थेच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसासाठी २३ किलोची मर्यादा धरलेली आहे. ६० किलोची रेंज दोघांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३० किलो येतात. म्हणून सपाटीवरही दोन चाकांची ट्रॉली आणि पट्टे वापरा. जिना असेल तर तिसरा माणूस हवाच. ट्रॉली नेहमी वरच्या पायरीवरच्या माणसाच्या हातात असावी आणि रेंज तिला पट्ट्याने बांधलेली असावी. खालच्याने फक्त दिशा द्यायची. निसटलीच तर बाजूला व्हायचे, अंगावर झेलायची नाही. रेंज पुन्हा विकत घेता येते.

हमाल बोलावले असतील तर वजन, मजले आणि लिफ्ट चालू आहे की नाही हे आधीच खरे खरे सांगा आणि मजुरी त्याप्रमाणे ठरवा. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९६९ चा माथाडी कायदा झाला. शंभर किलोच्या पोत्याऐवजी पन्नास किलोचे पोते असावे, ही मागणीही हमालांना लढूनच पुढे न्यावी लागली. हे माहीत असलेल्या माणसाने आपल्या घरी दोघांच्या कामाला एकाला जुंपू नये.

नव्या घरात

रेंज जागेवर आली की खालचे पाय फिरवून ती सपाट करा. कढईतले तेल एका बाजूला जात असेल तर ती तिरकी आहे. नळी जुनीच लावायची असेल तर तिच्यावरची तारीख वाचा. आयएसआय चिन्हाची तारेची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. ती दीड मीटरहून लांब नसावी आणि तापलेल्या ओव्हनच्या मागून नेऊ नये.

जुन्या घरी सिलिंडर आणि नव्या घरी पाइप, किंवा उलट, असा बदल होत असेल तर जेट बदलल्याशिवाय रेंज पेटवू नका. जेट म्हणजे बर्नरखालची बारीक भोकाची पितळी नळकांडी. सिलिंडरच्या गॅसमधून, आकारमान तेवढेच धरले तर, पाइपच्या गॅसच्या सुमारे अडीच पट उष्णता मिळते, आणि तो येतोही जास्त दाबाने. त्यामुळे त्याच्या जेटचे भोक लहान असते. पाइपच्या मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला तर ज्योत उंच, पिवळी आणि काजळी धरणारी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

जोडणी झाली की बर्नरच्या सगळ्या कळा बंद ठेवून गॅस सुरू करा आणि साबणाचा दाट फेस ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. मिनिटभर नीट पाहा. सांधा गळत असेल तर एकाच जागी बुडबुडा फुगत जातो, फुटतो आणि तिथेच पुन्हा फुगतो. काडी पेटवून गळती शोधण्याची जुनी खोड मात्र कायमची सोडा. बुडबुडे नसतील तरच बर्नर एकेक करून पेटवा. प्रत्येकाची ज्योत निळी आणि स्थिर दिसली की दूध तापायला ठेवायला हरकत नाही.

पुढील आठवड्यात : फ्रिज उभाच का न्यावा आणि नव्या घरी तो लगेच सुरू का करू नये.